नाल्यावरचा निबंध

बी.ए. झाल्यावर मी कायदा, अर्थशास्त्र आणि सरकारी धोरण असं तिन्ही एकत्र शिकवणारा परदेशातला एक कोर्स शोधून काढला. बाबा म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." त्यांच्या मते शहाणे मार्ग दोनच होते, ठाण्यात एलएल.बी. नाहीतर मुंबईत एम.ए. स्कॉलरशिप मिळाली तर जा, एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. स्कॉलरशिपसाठी निबंध हवा होता: तुमच्या गावातला एक सार्वजनिक प्रश्न.

डोंबिवलीत प्रश्न शोधावा लागत नाही, त्याचा वास येतो. मी मानपाड्याकडच्या नाल्यावर लिहिलं. अडचण एवढीच, की बाबा तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. म्हणून निबंध मी गव्हाच्या डब्यामागे लपवला. आमच्याकडे दर रविवारी दळण बाबाच काढतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी हुशार होते, पण अशी.

रविवारी सकाळी बाबा निबंध आणि लाल पेन घेऊन बसलेले दिसले.

"दुपारी नाला हिरवा होतो? अगं, हिरवा शेजारच्या कंपनीचा! आपला गुलाबी. आणि दुपारी पाणी कोण सोडेल? इन्स्पेक्टर दुपारी येतो. पहाटे लिही."

"पण बाबा, कायदा नाहीये का?"

"आहे की. पण पाणी शुद्ध करण्यापेक्षा दंड स्वस्त पडतो. बरं, कारखाना बंद करावा तर एवढी माणसं घरी बसणार. सरकार तरी काय करील?"

"झाले की तिन्ही विषय! एका दमात!"

बाबांनाही हसू आलं. तेवढ्यात भाजी निवडणाऱ्या आईनं विचारलं, "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

बाबांनी पेनाला टोपण लावलं, दळणाचा डबा उचलला आणि ते गिरणीत गेले.

मला स्वतःची लाज वाटली. बाबांच्या त्याच कारखान्यातल्या पगारावर शिकून मी त्यांच्यावरच निबंध लिहायला निघाले होते. ठाण्याचा फॉर्म आणायचं मी मनाशी ठरवून टाकलं.

बाबा परत आले ते मिशांवर पीठ घेऊन. "परदेशाचा फॉर्म दे," म्हणाले. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं. त्यापुढे त्यांनी ठळक अक्षरांत कारखान्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली स्वतःचा हुद्दा.

आई घाबरली. "अहो, हे कशाला? उद्या कोणी चौकशी केली तर?"

"एवढी माहिती हिला कुठून मिळाली, असं स्कॉलरशिपवाले विचारणारच," बाबा म्हणाले. "सांगणाऱ्याचं नाव नको का?"