मावशीनं पाडलं

आमच्या भागात कोणी अचानक गेलं की पहिला संशय वाघावर जातो. वाघ नसेल तर रानडुक्कर, तेही नसेल तर दारू. माणसावर संशय घ्यायची आम्हाला सवयच नाही. त्यामुळे पोंभुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत चक्क एका बाईवर खुनाचा आळ आला, तेव्हा लोकांना कोण उत्साह चढला! चहाच्या टपरीवर बसायला जागा मिळेना. मी लेडीज टेलर आहे, माझ्या दुकानात ब्लाऊजच्या कापडाबरोबर गावभरच्या बातम्याही येतात. त्या आठवड्यात मात्र बातम्याच जास्त आल्या आणि मला एकेकीचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं.

आळ आला होता आमच्या बांगडीवाल्या मावशीवर. एकटी मुसलमान बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. टोपली घेऊन दारोदार बांगड्या भरायची. मी लग्न होऊन चिमूरहून इथे आले, तेव्हा माझ्या हातात पहिल्या बांगड्या तिनेच भरल्या. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी हळूहळू दाबत माहेरची चौकशी करायची आणि मी रडून मोकळी होईपर्यंत बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या. शाळकरी पोरींपासून त्यांच्या आयांपर्यंत गल्लीतले सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्या घरी मांजरं होती. किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि गेला तो तिचा शेजारी, जंगलात गार्ड म्हणून जन्म घालवून निवृत्त झालेला म्हातारा. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा नोकरीला बल्लारपूरला. दोघांच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवरून रोज भांडण. कारण एकच, मांजरं. म्हाताऱ्याने सुकी मासोळी वाळत घातली की मावशीचा बोका हजर. आदल्या संध्याकाळीही तेच झालं होतं.

“भाभी, तुया बोक्याले पोत्यात घालून जंगलात सोडून येतो पाय!” म्हातारा ओरडला.

“हात लावून पाहा भाऊ, तुमालेच पोत्यात घालतो का नाई ते पाहा!” मावशी ओरडली.

सगळ्या गल्लीने ऐकलं आणि कोणी मानही वर केली नाही, कारण हे आम्ही रोज ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला म्हाताऱ्याच्या घरी गेला, तर तो ओसरीत शिडीच्या पायथ्याशी पडलेला. डोक्याला मार. बाजूला बशीचे तुकडे आणि थोडं सांडलेलं दूध. दूधवाल्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तो एवढंच बोलला, “मावशीनं... मावशीनं पाडलं.” गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दूधवाला भला माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत ते तीन शब्द साऱ्या गावाने ऐकले, आणि प्रत्येक टपरीवर त्यांना नवं शेपूट फुटत गेलं. मावशी समेट करायला चहा घेऊन गेली, बोलता बोलता बाचाबाची झाली, बशी फुटली, तिने ढकललं. बशीसुद्धा पुरावा झाली! मुलगा बल्लारपूरहून आला, बापाचं सगळं आटोपलं आणि गल्लीत उभा राहून म्हणाला, “ज्यानं माया बापाले मारलं, त्याले मी जिता सोडणार नाई.” ठाण्यातले जमादार मावशीला दोनदा बोलावून घेऊन गेले. मार पडल्यामुळेच लागला आहे, एवढं डॉक्टर सांगत होते, पण पडला की पाडला, ते डॉक्टर कसे सांगणार? मावशीचा चंद्रपूरचा पुतण्या तिला कायमचं घेऊन जायला निघाला होता, घर विकायची भाषा करत होता.

मावशीने काहीच सांगितलं नाही. मी नाही केलं, एवढंच. सकाळी टोपली घेऊन ती निघाली, तर एकीनेही हात पुढे केला नाही. ज्या हातांना तिने लग्नात, डोहाळजेवणात बांगड्या भरल्या, ते सगळे हात पदराखाली गेले. मी हे दुकानातून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. मशीन बंद केलं, रस्त्यावर गेले, कोपरापर्यंत बाही वर करून तिच्यासमोर बसले. मावशी बांगड्या भरू लागली. दोन बांगड्या फुटल्या. आजवर तिच्या हातून माझी एकही बांगडी फुटली नव्हती.

मग मी तपासाला लागले. नवरा मला तसंही जमादारीणच म्हणतो, कारण शिवता शिवता मी टीव्हीवर खुनाच्या मालिका बघते आणि पहिल्या जाहिरातीआधीच खुनी ओळखते. पहिला संशय मी दूधवाल्यावर घेतला. ते शब्द फक्त त्यानेच ऐकले होते ना? त्याला दुकानात बसवून उलटसुलट विचारलं. बिचारा ढसाढसा रडला आणि म्हणाला, “ताई, मले त्या मावशीनंच राखी बांधली हाय. मी काऊन खोटं सांगीन?” दूधवाला यादीतून गेला. माझ्या यादीत दुसरं कोणी नव्हतंच.

त्या दिवशी दुपारी मी मावशीसाठी भाजी-भाकर घेऊन गेले. दार आतून बंद. भिंतीपाशी जाऊन हाक मारली, “मावशी! ओ मावशी!”

आतून काही आवाज नाही. पण मुलगा बाहेर गेल्याने बंद असलेल्या म्हाताऱ्याच्या घराच्या कौलांतून एक करडी, हडकुळी मांजर बाहेर आली, भिंतीवर उडी मारून थेट माझ्या समोर आली आणि तोंड वर करून ओरडायला लागली. मला वाटलं, भाकरीचा वास. मी भाकर पदराखाली घेतली, मांजर परत कौलात गेली. मी पुन्हा म्हटलं, “मावशी, दार उघडा ना!” मांजर पुन्हा हजर.

मी “मनी, मनी” करून पाहिलं, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. “ये गं, ये गं” करून पाहिलं. अजिबात नाही. मग अगदी हळू म्हटलं, “मावशी.” आणि ती आली.

मी तिथेच भिंतीवर बसले आणि डोक्यात एकेक आठवू लागले. म्हातारा जंगलात राहिलेला माणूस, वाघाचं नाव कधी तोंडात येऊ द्यायचा नाही. ‘मोठा’ म्हणायचा, ‘तो’ म्हणायचा. नाव घेतलं की तो येतो, अशी त्याची पक्की समजूत. आणि वाघाची मावशी कोण, हे कोणाला सांगावं लागतं? त्याहून मोठी गोष्ट अशी, की बांगडीवालीला मावशी सगळी गल्ली म्हणायची, पण म्हातारा नाही! तो तिच्याहून वयाने मोठा. तिच्या नवऱ्याला तो भाऊ म्हणायचा, आणि तिला भाभी. भांडतानाही भाभी! “भाभी, तुया बोक्याले” अशीच त्याची सुरुवात. आम्ही सगळ्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पण प्रत्येकाच्या तोंडात मावशी बसलेली, म्हणून मरणाऱ्याच्या तोंडातही आम्ही आपलीच मावशी घातली.

मी मावशीचं दार जवळजवळ फोडलं. तिने उघडलं, तर मी ओरडलेच, “मावशी, त्यांच्या मांजरीचं नाव मावशी होतं!”

ती खाटेवर बसली आणि म्हणाली, “मले मालूम हाय.”

मी दारातच उभी राहिले.

“माह्याच मांजरीचं पिल्लू होतं ते. भिंतीवरून गेलं आन् तिकडंच राह्यलं. लोकायसमोर मांजरीले शिव्या देत होता ना, मंग शरमेनं लपवून ठेवली होती. रोज सांजच्याले आवाज येत होता, ‘मावशी, ये वं, जेवून घे.’ पयल्या दिवशी मले वाटलं, मलेच जेवाले बोलावून राह्यला.” ती हसली आणि लगेच डोळ्याला पदर लावला. “आता माळ्यावर व्याली हाय थे. तिलेच दूध द्याले चढला असन. पायात आली असन, दुसरं काय.”

“मग सांगितलं का नाही तुम्ही? जमादार दोनदा घेऊन गेले तुम्हाला!”

“सांगतलं असतं तं त्याच्या पोरानं काय केलं असतं?” मावशी म्हणाली. “आयकलं नाई का तुनं? जिता सोडणार नाई म्हणते. मी म्हातारी हावो बेटा, मले कोण काय करन? पिल्लायचे तं अजून डोये बी उघडले नाई.”

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. एका मांजरीसाठी ही बाई तुरुंगात जायला तयार होती! आणि राग येता येताच मला रडू फुटलं. तिने माझा हात धरून शपथ घातली, की कोणाला सांगायचं नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी आले आणि भाकर शेकताना हात भाजून घेतला. सांगितलं तर मांजर आणि पिल्लं जातात, नाही सांगितलं तर मावशी जाते.

सकाळी पुतण्या गाडी घेऊन येणार होता. त्याच्या आधी मी म्हाताऱ्याच्या मुलाकडे गेले. तो ओसरीत बसला होता, बापाची जंगलातली काठी मांडीवर घेऊन. पुसत होता, की नुसतीच धरली होती, कोण जाणे. मी म्हटलं, “भाऊ, तुझ्या बाबाला कोणी पाडलं ते दाखवते. पण आधी काठी खाली ठेव.”

त्याने ठेवली नाही. मी तरीही हाक मारली, “मावशी!”

माळ्यावरून करडी मांजर शिडीच्या पायऱ्यांवरून उतरली, आणि उतरता उतरता थेट त्याच्या दोन्ही पायांत घोटाळली. तो तोल जाता जाता भिंतीला धरून उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. भाभी, मावशी, बशी, दूध. तो ऐकत होता आणि मांजरीकडे बघत होता. त्याची मूठ काठीवर आवळली, तशी मी मध्ये जाऊन उभी राहिले.

“सरका ताई,” तो म्हणाला.

मी सरकले नाही. तो मला वळसा घालून शिडी चढला, काठी हातात घेऊनच. मग काठी माळ्यावरून खाली पडली आणि माझा जीवच गेला. मी अर्धी शिडी चढून पाहिलं, तर तो फळ्यांवर मांडी घालून बसला होता. समोर पिल्लं होती, बापाच्या खाकी स्वेटरवर. थंडीत गस्तीला जाताना घालायचा, तो स्वेटर. आईने विणलेला, मुलगा म्हणाला. आई गेल्यावर बापाने तो पेटीत जपून ठेवला होता, कोणालाही हात लावू देत नव्हता.

“मले फोनवर कधी सांगतलं बी नाई जी, मांजर पाळली म्हणून,” तो म्हणाला. “मी इचारलंच नाई, दिवसभर कोणासंग बोलता म्हणून.” मग तो लहान मुलासारखा रडला. मीही शिडीवर उभ्या उभ्या रडले.

जमादारांना सांगायला तो स्वतः गेला. ते आधी हसले, मग येऊन स्वतः मांजरीला हाक मारून पाहिली, मग तपासाची फाईल मिटली. पण त्याआधी, अजून पुतण्याची गाडी यायची होती तेव्हा, मुलगा बापाच्या अंगणातून भिंत ओलांडून मावशीच्या दाराशी गेला. मी मागे होते. करडी मांजर भिंतीवरून त्याच्या मागे चालली होती. आत मावशी कपडे बोचक्यात बांधत होती.

“मावशी,” त्याने हाक मारली.

मांजर पुढे होऊन त्याच्या पायाला अंग घासू लागली. आतलं बांधणं थांबलं. दार मात्र उघडलं नाही.

“कोणाले बलावून राह्यला रे बाबू?” आतून आवाज आला. “मले का तिले?”

तो खाली वाकला, मांजरीला उचलून छातीशी धरलं.

“दोघीलेबी,” तो म्हणाला.