वेगळं ताट

दुधीचा रस पिऊन मला आरोग्य शिकवायला येणाऱ्यांना मी दारातूनच वाटेला लावते. नातवंडं हसतात, म्हातारी हट्टी आहे म्हणतात. आहेच. वेळेवर पोटभर जेवावं, जेवल्याबरोबर लवंडू नये, संध्याकाळी पाय मोकळे करावेत, रात्री वेळेत अंथरूण गाठावं. यापुढचं मला कुणी सांगू नये. एवढंसं साधं शहाणपण घरात आणायला मला भांडावं लागलं होतं, आणि तेही डोक्यावरचा पदर ढळू न देता.

लढाईची वर्षं होती. माझे यजमान शेवगावला बोर्डाच्या शाळेत शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही इथं मास्तरच म्हणते. घरात आम्ही तिघं, म्हणजे मास्तर, सासूबाई आणि मी. शिवाय माझी तान्ही मुलगी, नुकतीच मान धरायला लागलेली. मास्तरांना पित्ताचा त्रास होता. होणारच. सकाळी अनशापोटी चहा, शाळेत चहा, घरी आल्यावर चहा, आणि जेवणाला ना वेळ ना काळ. त्यावरचा उपाय पोर सांगू शकलं असतं. पण शिकलेल्या माणसाला साधा उपाय पटत नाही, त्याला काहीतरी कठीण लागतं.

ते कठीण नगरहून सर्व्हिस मोटारीनं आलं. कुणी एक निसर्गोपचारवाले गृहस्थ धर्मशाळेत उतरले. अंगावर पंचा आणि तोंडी सदा निसर्ग. रेशनच्या दुकानापुढं माणसं धान्यासाठी ताटकळत होती, आणि हे गृहस्थ गावातली खाऊनपिऊन सुखी माणसं गाठून त्यांना न खायला शिकवत होते. मीठ म्हणजे विष. भाकरी जड. दिवसातून एकदाच उकडलेला दुधी किंवा भिजवलेले मूग, सकाळी कडुनिंबाचा रस, रविवारी एरंडेल आणि दुपारी पोटावर ओल्या मातीची पट्टी. मास्तर भाळले. सासूबाई मूळच्या पारनेरकडच्या, शेतात राबलेल्या. लेक पोटावर चिखल थापून निजलेला बघून त्यांनी विचारलं, की आता काय पेरायचं हाय यात?

मलाही हसू आलं होतं. पण ते फार दिवस टिकलं नाही.

आमच्याकडे बाईनं नवऱ्याच्या ताटात जेवायची रीत होती. मास्तरांचं जेवण झालं की त्याच ताटावर मी बसायची. ताटात ते भाकरीचा तुकडा, भाजीचा घास मुद्दाम मागं ठेवायचे, आणि लागेल ते मी वर वाढून घ्यायची. तोवर त्या रीतीचं मला काही वाटलं नव्हतं. पण त्या गृहस्थांनी मास्तरांना आणखी एक नियम घालून दिला होता. व्रताचं ताट निराळं हवं आणि त्याला मिठाचा, तिखटाचा, तेलाचा स्पर्शही होता कामा नये. झालं. मास्तर दुधी खाऊन उठले की मी त्या ताटावर बसायची, आणि त्यात दुसरं काही वाढून घ्यायची सोय उरली नाही. मला उपास कर असं कुणीही म्हणालं नव्हतं. तो ताटातून माझ्याकडे आपोआप आला.

मी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्यांना लेकाचं ते खूळ मुळीच मान्य नव्हतं, पण ताट म्हणजे ताट. चुलीम्होरं बसून दोन घास तोंडात टाकत जा, कोन बघतंय, असं त्यांनी सुचवलं. मी तसंही केलं. भाकरी भाजता भाजता पाठ वळवून चतकोर तोंडात कोंबायची, बाहेर पाऊल वाजलं की न चावता गिळायची. माझ्याच हातची भाकरी, माझ्याच घरात. त्या घासांची मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

अशा चोरट्या घासांवर अंगावरचं दूध टिकत नाही. मुलगी ओढ ओढ ओढायची, तोंड सोडून रडायची, पुन्हा लुचायची. पुढं पुढं तिचा आवाजच बारीक झाला. मांड्यांवरची वळी गेली. मी मास्तरांना म्हटलं, की पोर उपाशी राहतेय. ते म्हणाले, शरीर शुद्ध होताना सुरुवातीला असं व्हायचंच. माणूस वाईट नव्हता हो. पण ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर हातची जाईल आणि हे शुद्धीच्या गोष्टी करत बसतील, हे मला लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बाजरीच्या भाकरी थापल्या, शेपूची भाजी केली, लसणाची चटणी वाटली. मास्तर पाटावर बसले, त्यांच्यापुढं त्यांचा दुधी ठेवला. मग फळीवरचं एक जर्मनचं ताट काढलं, त्यात दोन भाकरी, भाजी, चटणी वाढली, भाकरीवर तूप सोडलं, शेजारी ताकाचं भांडं ठेवलं, आणि मास्तरांच्या समोर, मधल्या घरात, मांडी घालून बसले. नवऱ्याच्या आधी घास घेतला. चांगला चावून खाल्ला.

सासूबाई सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या,

"पोरी, येगळं ताट कुनाचं असतं, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. मालक गेलेल्या बाईचं. सासरे गेल्यापासून सासूबाई आपल्या ताटात जेवत होत्या. नवरा जिवंत असताना मी तसं ताट घेणं म्हणजे त्याचं मरण मागणं.

"ठाऊक आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "ते तुमचं असतं. आणि या घरात धड जेवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. संयमाबद्दल काहीतरी बोलू लागले. त्यांना मी पुरतं बोलू दिलं नाही. तुमचा संयम तुमच्या ताटात ठेवा म्हटलं, माझ्या पोरीच्या तोंडाशी आणू नका. मग दुसरी भाकरी मोडली. सासूबाई आत निघून गेल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी रोज तशीच बसू लागले. कसलं औषध घेतलं नाही, काढा घेतला नाही; दोन वेळा पोटभर जेवले आणि पोरीबरोबर दुपारी घटकाभर पडले. दूध परत आलं. मुलगी पिऊन पिऊन झोपायला लागली. मास्तरांचं व्रत लसणाच्या वासापुढं फार टिकलं नाही. एका दुपारी त्यांनी भाकरी मागितली. मी म्हटलं, देते, पण शाळेच्या मधल्या सुट्टीत वेळेवर घरी यायचं, चहा सकाळी एकदाच, आणि तोही काही खाऊन. संध्याकाळी ते नदीपर्यंत चालत जाऊ लागले. पित्त हळूहळू हटलं. त्याचं श्रेय ते पुढं कैक वर्षं कडुनिंबाला देत राहिले. देऊ देत. मी मात्र त्यांच्या ताटावर परत बसले नाही.

गावात कुजबुज व्हायची ती झालीच. संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. सासूबाई रीतीप्रमाणे आत बसल्या होत्या. सवाष्णी घरात असताना त्या बाहेर येत नसत. वाण घेता घेता एक शेजारीण हसत म्हणाली, की मास्तरीणबाई म्हणं येगळ्या ताटात जेवत्यात, मास्तर तर चांगले धडधाकट दिसत्यात. बाकीच्या खाली बघू लागल्या. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सासूबाई माझ्या मुलीला काखेत घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या सवाष्णींच्या समोर.

"तिच्या ताटाकडं बघू नका, हिच्याकडं बघा," त्या म्हणाल्या. "आन् ते ताट रोज मीच वाढते."

हे साफ खोटं होतं. त्यांनी ते एकदाही वाढलं नव्हतं, त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र वाढलं.