एकोणीस घरांची हजेरी

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या एकोणीस घरांवर. माघातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ज्यानं तो केला तो तेव्हा चौकातल्या हॉटेलात चहा पीत बसला होता, आणि चहा देणाऱ्यानंच पुढं ते कबूल केलं. नळयोजनेसाठी घरोघर माणसं मोजायला आलेला हा बाबा यादीत आमच्या पहिल्या घरापुढं ‘कायम स्थलांतरित’ असं लिहून मोकळा झाला. खालच्या अठरा घरांना नुसती टिंबं. पूर्ण लिहायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

आम्ही कुठं गेल्तो? लग्नाला. बदनापूरला. संध्याकाळी परत.

आता ही गल्ली कुणाची ते सांगते. कुंभार पिंपळगावच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या पूर्वेच्या टोकाला आम्ही, ‘कोळशेवाले’. वास्तविक जालना जिल्ह्यात कोळशाचा खडासुद्धा सापडत नाही. पण निजामाच्या काळात इकडची माणसं रेल्वेत बसून पार तिकडं गोदावरीच्या खालच्या अंगाला, कोळशाच्या खाणीवर गेली. माझे आजोबा त्यातलेच. कुणब्यांची पोरं गेली, मुसलमानांची गेली, एक सुतार गेला. तिथं नदीकाठी जंगल तोडून गाव वसलं. तेलुगू, उर्दू, मराठी आणि उत्तरेकडची हिंदी, सगळं एकाच नळावर. माझी आई सांगते, भांडण मराठीत सुरू व्हायचं, शिव्या तेलुगूत दिल्या जायच्या आणि समजूत उर्दूत निघायची. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि त्या भोंग्यावर स्वयंपाक, झोप, शाळा, बाळंतपणं सगळं चालायचं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. आमच्याकडं आजही ‘दुपारी या’ असं कुणी म्हणत नाही. ‘दुसऱ्या पाळीला या’ म्हणतात, आणि पाहुणा बिचारा सकाळपासून गोंधळून राहतो.

मग कोळसा संपला. म्हणजे वरचा संपला. खालचा काढणं परवडेना. खाणीत पाणी सोडलं, क्वार्टरांचे पत्रे उतरवले, भोंगा बंद झाला. ज्या गावात रांग लावल्याशिवाय भाजी मिळत नव्हती, ते गाव दोन-तीन वर्षांत पांगलं. कुणी हैदराबादला, कुणी चंद्रपूरकडं, कुणी कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. ह्या पांगलेल्यांची यादी कुणी केली का? मी पुष्कळ ठिकाणी विचारलं. खाणीतून किती कोळसा निघाला ते सांगायला सगळे तयार. किती माणसं निघाली ते विचारलं की साहेब चष्मा पुसतात.

त्यातली एकोणीस घरं आजोबांच्या गावाला परत आली. येताना भांडीकुंडी आणली, संक्रांतीला सकिनालू तळायची रीत आणली (तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली गोल चकली समजा, अख्खं गाव त्या दिवशी आमच्या गल्लीतून ‘सहज’ जातं) आणि एक फळा आणला.

हा फळा आणला बत्तीवाल्या चाचांनी. चाचा खाणीच्या लॅम्प रूममध्ये होते. खाली उतरणाऱ्याला डोक्यावरची बत्ती द्यायची आणि फळ्याच्या खिळ्यावरून त्याचा पितळी बिल्ला काढून त्याच्या हातात ठेवायचा, हे त्यांचं काम. माणूस वर आला की बिल्ला परत खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. सगळे खिळे भरल्याशिवाय पाळी सुटली असं चाचा म्हणायचे नाहीत, मग वरचा साहेब कितीही ओरडो. खाण बंद झाली तेव्हा हा फळा भंगारात निघाला होता. चाचांनी तो मागून घेतला आणि इथं गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली ठोकला.

इथं नियम असा: गाव सोडून जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, आल्यावर परत लावायचा. सुरुवातीला फक्त खाणीत काम केलेल्या पुरुषांचे बिल्ले होते. मग माझी आई उभी राहिली. “चाचा, आम्ही बाया काय हवेत राहतो? आमचा खिळा कुठाय?” चाचांनी मान डोलावली. “हौ, बराबर बात हाय.” पितळ कुठून आणणार? गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे कापले, नखांच्या लाल पॉलिशनं सगळ्यांना नव्यानं नंबर टाकले. तान्ह्या लेकराचासुद्धा बिल्ला. गल्लीतली माणसं चौऱ्याऐंशी, खिळे चौऱ्याऐंशी. पोस्टमन थेट घरी येतच नाही. आधी फळा बघतो आणि माणूस नसेल तर तिथूनच सायकल वळवतो.

आणि इथंच घात झाला. त्या गुरुवारी आम्ही सगळे, अगदी सगळे, दोन टेंपो भरून लग्नाला गेलो आणि रीतीप्रमाणं चौऱ्याऐंशी बिल्ले काढून नेले. मोजणीवाला आला तर दारांना कुलपं, फळा कोरा. त्यानं हॉटेलवाल्याला विचारलं, “हे लोक कुठं गेले?”

हॉटेलवाल्याला कुठली मस्करी कुठं करावी हे आयुष्यात कळलेलं नाही. “गेले की वापस कोळशाकडं!” तो म्हणाला. “फळा बघा ना साहेब, एक बिल्ला शिल्लक ठेवला न्हाई.”

मोजणीवाल्यानं बघितलं आणि लिहिलं.

आम्हाला कळलं ते महिनाभरानं. पाइपाची चारी खोदत जेसीबी हॉटेलच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि माघारी वळला. मी हंडा खाली ठेवून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं वरून कागद दाखवला. “ताई, तुमची गल्ली ह्याच्यात न्हाई. मला काय, कागद म्हणंल तितकं खोदायचं. शनिवारी मशीन दुसऱ्या गावाला चाललं.”

आमच्या बाया शेतातल्या विहिरीवरून पाणी आणतात. आईचा गुडघा गेला आहे, तरी दिवसाला चार खेपा. मशीन गेलं म्हणजे पुन्हा कधी येईल ते कोण सांगणार? म्हणजे हातात होते पाच दिवस.

मी दोन वर्षं संघटनेत पत्रकं लिहायला शिकलेली. घरी आले, बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. ‘धिक्कार! धिक्कार! धिक्कार!’ अशी सुरुवात. ‘जिवंत माणसांना गाडणाऱ्या व्यवस्थेला’ वगैरे. आईला वाचून दाखवलं.

“तीन धिक्कार कशाला?” आई म्हणाली. “एकात भागतं की. आणि गाडणाऱ्या नको म्हणू, खाणीवाल्यांना ते बरं वाटत न्हाई.”

चाचा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना दिसतं कमी, ऐकू सगळं येतं. “बेटी, तू चिल्लाके बोलतीस आन् लोकं कानावर हात ठेवतेत. परवा ग्रामसभा हाय ना? फळा घेऊन चल. हजेरी घेऊ.”

“चाचा, ती ग्रामसभा आहे. तिथं अर्ज द्यावा लागतो.”

“दे ना अर्ज. तू अर्ज दे, मैं हजेरी देतो.”

बुधवारी दुसऱ्या पाळीला (म्हणजे दुपारी दोनला!) शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. आम्ही फळा हातगाड्यावर घालून नेला. मागं गल्ली, जो तो आपला बिल्ला हातात घेऊन. ताशा कुणी सांगितला नव्हता, पण सुताराच्या नातवानं आणलाच. सरपंचबाई हसू दाबत होत्या. ग्रामसेवकानं विचारलं, “हे काय मधीच?”

“माणसं,” मी म्हणाले. “तुमच्या कागदावर शून्य आहेत ती.”

चाचांना खुर्ची दिली. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि मी आयुष्यात त्यांचा ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, “नंबर एक!”

एक नंबर चाचांचाच. ते स्वतःच उठले, चाचपडत खिळ्याला बिल्ला लावला आणि म्हणाले, “वर आलो!” खाणीतून बाहेर पडल्यावर असंच म्हणायची रीत होती. “नंबर दोन!” “वर आलो!” “नंबर तीन!” “वर आले!” ही माझी आई, लंगडत, पण नऊवारीचा काठ सावरत अशी गेली की जणू बक्षीस घ्यायलाच चालली होती. तान्ह्यांच्या वतीनं त्यांच्या आया ओरडल्या. एक लेकरू नेमकं त्याच वेळी रडलं, तर चाचा म्हणाले, “ह्यानं स्वतःच दिली हजेरी, लावा.” सगळी सभा हसली. मला नारे द्यायचे होते. माझा आवाज ह्या गोंधळात कुणाला ऐकूच आला नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. मीही हसतच होते.

सगळे झाले आणि एक खिळा उरला. नंबर अकरा.

अकरा म्हणजे माझा थोरला भाऊ. जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला आहे. सुट्टी टाकतो म्हणाला होता. मी फोन लावला, स्पीकरवर.

“कुठंयस?”

“आलोच. पोचलोच समज.” मागून रिक्षांचे भोंगे आणि ‘दस का दो, दस का दो’ असा ओरडा.

“हा मस्तगडचा आवाज हाय,” आई म्हणाली. “जालन्यातच उभाय मेला.”

ग्रामसेवक घड्याळ बघत म्हणाला, “जाऊ द्या ना चाचा. एक कमी तर एक कमी. त्र्याऐंशी लिहितो.”

चाचा उठले. “साहब, एक कमी असताना पाळी सुटत न्हाई.”

“अहो, ही खाण आहे का?”

“न्हाई. खाणीत साहेब लोक आमचं ऐकत व्हते.”

टाळ्या! सरपंचबाई मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, “थांबू या. चहा सांगा.” चहा सांगायचा कुणाला, तर त्याच हॉटेलवाल्याला. तो किटली घेऊन आला, मान खाली घालून. आमच्या बायांनी त्याला चहाच्या पेल्यागणिक एक टोमणा मारला. “कोळशाचा चहा का गॅसचा?” “आम्हाला देऊ नको बाबा, आम्ही कायमचे गेलेलो!”

भाऊ जालन्याहून येणार म्हणजे दीड तास. तेवढ्यात चाचांनीच सुचवलं, “वेळ हाय, तर सगळ्या गावाची यादी वाचा की. जल्दी काय हाय?”

ग्रामसेवकाला नाही म्हणता येईना. तो वाचायला लागला. आणि मग काय सांगू! कुंभारवाड्यातल्या एका आजीपुढं ‘मयत’ निघालं. आजी पहिल्याच रांगेत बसलेली. “मी मेले? कव्हा?” काठी आपटत उठली. “मला कसं न्हाई सांगितलं कुणी?” तिची सून तोंडात पदर कोंबून हसत होती. मशिदीमागच्या गल्लीत दोन भावांचं एक घर करून टाकलेलं. एक जण तीन वेळा जिवंत. प्रत्येक चुकीला आधी हसू फुटायचं आणि मग लोक उभे राहून विचारायचे, “आमचं वाचा, आमचं वाचा.” कधी नव्हे ती अख्खी ग्रामसभा कान देऊन ऐकत होती.

शेवटचं पान संपलं. हॉटेलवाला किटली धरून तसाच उभा.

“माझं न्हाई आलं,” तो म्हणाला.

ग्रामसेवकानं पुन्हा पानं उलटली. नव्हतंच. ज्याच्या हॉटेलात बसून मोजणी झाली, त्याचंच घर यादीत नाही.

“असं कसं?” सरपंचबाईंनी विचारलं. “तो तुझ्याकडंच बसला व्हता ना?”

“व्हता ना! मी त्याला समद्यांचं सांगून राह्यल्तो. माझं त्यानं इचारलंच न्हाई!”

ते हसू मी कधी विसरणार नाही. आमच्या गल्लीतल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. चाचांना कुणीतरी दोनदा समजावून सांगितलं, तेव्हा तेही हसले आणि मग लगेच गंभीर झाले. “त्याला एक खिळा द्या रे,” म्हणाले. सुताराच्या नातवानं तिथल्या तिथं पंच्याऐंशीवा खिळा ठोकला. हॉटेलवाला पुढं आला. बिल्ला नव्हता, म्हणून त्यानं किटलीचं झाकण लावलं.

पावणेपाचला भाऊ आला, अंगावर कारखान्याची काळी धूळ तशीच. पटांगणभर शिट्ट्या. बिल्ला लावला, “वर आलो!” म्हणाला आणि पहिलं वाक्य, “चहा संपला का?”

ग्रामसेवकानं बाकीच्यांच्या चुका दुरुस्त केल्या, हॉटेलवाल्याचं घर जोडलं, आमच्यापुढचा ‘कायम स्थलांतरित’ खोडला, खाली सही केली, चौऱ्याऐंशी माणसं अंकात आणि अक्षरात लिहिली. शुक्रवारी जेसीबी आमच्या गल्लीत शिरला. चारी आमच्या दारापुढून गेली तेव्हा आई ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि ड्रायव्हरला तेलुगूत काहीतरी सुनावत होती. त्याला एक शब्द कळत नव्हता. तो प्रत्येक शब्दाला ‘हो मावशी’ म्हणत होता. पुढच्या आठवड्यात तोटीला पाणी आलं. पहिला हंडा आईनं स्वतः भरला, आणि तो उचलून घरात न नेता तिथंच शेजारणीच्या पायांवर ओतला. मग कुणीच कोरडं राहिलं नाही, चाचासुद्धा.

माझं पत्रक तसंच पडून आहे. तीन धिक्कारांसकट. राग मात्र गेलेला नाही, आणि जाऊही देणार नाही. एक अख्खं खाणीचं गाव पांगलं. आमच्यासारखी एकोणीस घरं आणखी किती गावांच्या टोकाला जाऊन राहिली असतील, आणि चहाच्या टेबलावर किती जणांपुढं टिंबं पडली असतील, हे मला माहीत नाही. तुमच्या गावातलं तुम्हालाही माहीत नाही, हे तर मी पैजेवर सांगते.

म्हणून आता तुम्हाला सांगते. उद्या कचेरी उघडली की ग्रामपंचायतीत जा, शहरात असाल तर नगरपालिकेत जा. तुमच्या गल्लीची यादी मागा. ‘नंतर या’ म्हणाले तर बाकड्यावर बसा, उठू नका. यादी हातात आली की मोठ्यानं वाचा, तिथंच, सगळ्यांदेखत. स्वतःचं नाव सापडलं म्हणून वाचणं थांबवू नका. बंद पडलेल्या खाणीतून, गिरणीतून, कारखान्यातून येऊन तुमच्या शेजारी कुणी राहिलं असेल, तर त्यांचं घर सापडेपर्यंत वाचा. नाही सापडलं तर त्यांना सोबत घ्या आणि साहेबाच्या टेबलापुढं उभे राहा.