चौकटीबाहेरचा माणूस

मोबाइलच्या पडद्यावर घाटातल्या वळणावरून मालगाडी येते. डाव्या कडेला नारिंगी जाकिटाची एक बाही क्षणभर दिसते आणि जाते. ती बाही सदाभाऊंची. हातोडा घेऊन रोज मैलोन्मैल रूळ तपासत, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की त्या ठोकत ते चालायचे.

मी गाड्यांचा वेडा. आठ वर्षं याच वळणावर कॅमेरा लावतोय. आम्हा वेड्यांचं एक सोवळं असतं: चौकटीत फक्त गाडी हवी, माणूस आला की चित्रण बाटलं. गाडीची चाहूल लागली की मी ओरडायचो, "भाऊ, जरा बाजूला!" ते हसून झुडपाआड सरकायचे. तरी कुठे दिसलेच, तर तेवढा तुकडा मी घरी कापून टाकायचो.

गेल्या महिन्यात एका गाडीला वाट देत ते शेजारच्या रुळावर सरकले. तिच्या खडखडाटात मागून येणारी दुसरी त्यांना ऐकूच आली नाही.

प्रत्येक इंजिनाचा नंबर, भोंग्याचा सूर मी जपलाय. ज्याच्या हातोड्याच्या भरवशावर गाड्या ते वळण घ्यायच्या, त्याला मात्र खड्यासारखं निवडून बाहेर टाकलं.

आज त्यांच्या पत्नी आल्या. "त्यांचा चालताबोलता व्हिडिओ असंल ना तुमच्याकडं?" सगळं धुंडाळून ही एवढी बाही सापडली. वहिनींनी ती दोनदा पाहिली. मग पडद्याच्या कडेवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "दादा, हे चित्र जरा इकडं सरकवता येतं का?"