दवनीवाड्यातलं पोपटिणीचं बाळंतपण

वच्छलाबाई रामटेके भुपेंद्रच्या दुकानात पहिल्यांदा शिरल्या, तेव्हा टाकीतले मासे मागच्या काचेला जाऊन चिकटले, ससे एकमेकांच्या पोटाखाली घुसले, आणि जन्मात ज्याने तोंड उघडलं नव्हतं त्या पिवळ्या तुऱ्याच्या पाखराने स्वच्छ हिंदीत ‘बचाओ’ म्हटलं. गोंदियाच्या त्या गल्लीतली वीजही त्याच क्षणी गेली आणि वच्छलाबाई पायऱ्या उतरेपर्यंत आली नाही. हे सगळं भुपेंद्र सांगतो. वच्छलाबाईंचं म्हणणं असं, की त्या फक्त ‘पोपटाची जोडी दाखव’ एवढंच बोलल्या. आवाज जरा मोठा लागला असेल. पण कळा देणाऱ्या बाईच्या ओरडण्यावर आवाज चढवून ‘अजून जोर लाव’ म्हणायची चाळीस वर्षांची सवय एका एस.टी.च्या प्रवासात जाते होय?

वच्छलाबाई दवनीवाड्याच्या दाई. अर्धं गाव त्यांच्या हातात पहिल्यांदा रडलं. चांगल्या मिशीवाल्या माणसाला भर चौकात थांबवून ‘तू पायाकडून आला होता, म्हनून अजून उलटाच चालतं’ असं सांगायचा हक्क गावात त्यांना एकटीला होता. मग एकशे आठची गाडी आली आणि बाळंतपणं दवाखान्यात गेली. बरंच झालं, असं त्या स्वतःही म्हणत. पण सहा वर्षांत त्यांच्या दाराची कडी कुणी वाजवली नव्हती. रिकामे हात मग दिवसभर केवळरामांच्या चुका शोधत. केवळराम म्हणजे त्यांचे यजमान. बिचारे चुका करून करून दमले होते.

अशात पुतणी समीक्षा मोबाइल घेऊन आली. त्यात एक गॉगलवाला माणूस खांद्यावर पोपट बसवून सांगत होता, ‘नवशिक्यांनी घरी पोपटांची पैदास करू नये.’

‘करू नये’ हे दोन शब्द वच्छलाबाईंपुढे उच्चारू नयेत, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. त्या गॉगलवाल्याला नव्हतं.

‘हजार लेकरं काढली म्या,’ त्या मोबाइललाच म्हणाल्या. ‘अन् हा मले सांगून राहिला, पाखराचं जमनार नाई?’

केवळराम हळूच म्हणाले, ‘तो तुले नाई म्हनत, साऱ्याइले म्हनते.’

‘साऱ्याइत मी येतो का नाई?’

दुसऱ्या दिवशी त्या गोंदियाला पोचल्या आणि माशांचं वगैरे जे व्हायचं ते झालं.

‘मौसी, पहली बार है क्या?’ भुपेंद्रने धीर गोळा करून विचारलं.

‘काऊन?’

‘तर जोडी नका नेऊ. नवीन माणसाने आधी एक पाखरू सालभर सांभाळावं. पैदास बाद में.’

‘तुह्या मायले कोनं म्हनलं होतं का, की बाई, आधी सालभर दुसऱ्याचं पोरगं सांभाळ, मंग भुपेंद्र पैदा कर?’

भुपेंद्र पिंजऱ्यांकडे वळला. त्यांनी हिरवा पोपट मागितला. तो म्हणाला, देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, जंगलखातं दोघांनाही उचलेल. हे परदेशी बजरी पोपट घ्या. वच्छलाबाईंनी जेमतेम वीतभर लांबीची ती निळी-पिवळी पाखरं बारकाईने पाहिली. ‘हे पोपट व्हय? चिमनीले रंग मारून बसवला तू.’

तरी घेतली. चोचीवर निळं नाक तो नर, तपकिरी नाक ती मादी, खायला राळं, पिंजऱ्यात भोक पाडलेलं मडकं टांगायचं, मादी त्यात अंडी घालेल. शेवटी भुपेंद्रने हात जोडून दोनच गोष्टी सांगितल्या, ‘मडक्यात डोकवायचं नाही. हात घालायचा नाही.’ वच्छलाबाई ‘हो, हो’ म्हणाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही त्या तसंच म्हणायच्या.

धानाची रोवणी उरकली त्या आठवड्यात मादीने पहिलं अंडं घातलं. मग एक दिवसाआड एक, अशी पाच. वच्छलाबाईंची चाल बदलली. पदर खोचला गेला, घरात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं, आणि केवळरामांना सहा वर्षांत पहिल्यांदाच दोन दिवस कुणी रागावलं नाही. पाखराला डिंकाच्या लाडवाचा चुरा मिळू लागला. नराला दम मिळाला, ‘बायको बसली हाय, तू खाऊन कायले राहिला? तिले चार!’ तो मुळात तिलाच चारत होता.

आणि मग त्यांनी हापशीवर जाहीर केलं, ‘माह्या घरी बाळंतीन हाय.’

हे एवढं बोलायला नको होतं. दवनीवाड्यात बाळंतीण म्हटली की बघायला जायचं असतं. न जाणं म्हणजे भांडण. रोवणीतून सुटलेल्या बाया रिकाम्याच होत्या. त्या आल्या. कुणी वाटीत खारीक आणली, कुणी टोपडं आणलं. एवढंसं, सुपारीला बसेल असं. प्रत्येकीने मडक्याच्या भोकाला डोळा लावला. ज्यांना दिसलं नाही त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. दुर्गाप्रसाद किराणावाल्याच्या रुख्मिणीबाईंनी तर अंडी बोटाने मोजली आणि ‘पाच हायेत’ म्हणून बाहेर निकाल दिला. वच्छलाबाई शेजारी पाटावर बसून कौतुक झेलत होत्या. सहा वर्षांनी घर भरलं होतं.

बाया येऊ लागल्याच्या सातव्या दिवशी मादी मडक्यातून बाहेर आली आणि परत आत गेली नाही. अंडी गार पडली.

‘मौसी, मी क्या बोला था?’ फोनवर भुपेंद्र म्हणाला. ‘माणसं पाहून पाखरू घाबरतं. अंडी सोडून देतं.’

‘मंग मी काय करू आता?’

‘दुसरी बार अंडी देईल. तेव्हा काही करू नका.’

‘काही म्हंजे?’

‘काहीच. कुछ भी नहीं.’

चाळीस वर्षांत वच्छलाबाईंना कुणी असं सांगितलं नव्हतं. आडवं बाळ फिरव म्हटलं असतं तर त्यांनी फिरवलं असतं. त्यांनी ती पाच अंडी परसात पुरली, फोन केवळरामांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘नवशिकी म्हने मी. पाय आता.’

धान पिवळं पडू लागलं तेव्हा मादी पुन्हा मडक्यात गेली. या खेपेला वच्छलाबाईंनी दारात खाट आडवी टाकली आणि पिंजऱ्याकडे पाठ करून तिच्यावर बसल्या. दाणापाणी करायला दिवसातून दोनदा उठत, तेही मान दुसरीकडे वळवून. बाया आल्या.

‘जयभीम वच्छलाबाई. कितीक अंडी हायेत आता?’

‘मले काय ठाव? म्या पायली नाई.’

‘जराशी पाहू द्या की.’

‘नाई.’

‘पाखराचा एवढा पर्दा?’ रुख्मिणीबाई भडकल्या. ‘माह्या तीन बाळंतपनात सारं गाव घुसलं होतं, तवा तुमी दार नाई लावलं!’

वच्छलाबाईंनी खाट दाराला आणखी चिकटवली. मग म्हणाल्या, ‘लावाले पायजे होतं वो माय. तवा मले अक्कल नोती. आता जा.’

रुख्मिणीबाईंनी येणं-बोलणं सोडलं. हापशीवर वच्छलाबाईंकडे पाठ फिरवली जाऊ लागली. ‘म्हातारीले पाखराचं याड लागलं,’ असं केवळरामांच्या कानावर यायचं. ते ऐकून घ्यायचे आणि चहाला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचे. वच्छलाबाईंचे हात मात्र वळवळत. त्या मांडीखाली हात दाबून बसत. एकदा आत बारीक चिवचिव ऐकू आली, तेव्हा खाटेची दोरी त्यांच्या मुठीत तुटली. त्या वळल्या नाहीत.

पुढे महिना गेला. एका सकाळी केवळराम ओरडले, ‘अवं, पाय!’ मडक्याच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं होतं. पिवळं, अर्धवट पिसांचं, सगळ्या जगावर रागावलेलं. बाकीची अंडी फुटलीच नव्हती. पिल्लू एवढं एकच.

‘डिक्टो तुह्यावर गेलं,’ केवळराम म्हणाले, आणि ताबडतोब अंगणात निघून गेले.

आठ-दहा दिवसांनी पिल्लू आपलं आपण दाणे टिपू लागलं. तेव्हा वच्छलाबाई पिंजरा मांडीवर घेऊन एस.टी.ने गोंदियाला गेल्या. वाटेत कंडक्टरने पाखराचं तिकीट काढावं लागेल म्हटलं, तर ‘माह्या हातचा हायेस तू, गुमान पुढं जा’ एवढ्यावर ते मिटलं. भुपेंद्रने पिल्लू हातावर घेतलं, पंख उघडून पाहिले, पोट पाहिलं. खोट सापडली नाही.

‘मान गए मौसी. पण खरं सांगतो, नवशिक्यांनी हे करू नये.’

‘नवशिके नसते तर शिकलेले काय झाडाले लागले असते? पुढच्या नवशिक्याले माह्याकडं धाड. मी सांगतो त्याले कसं करायचं.’

‘कसं करायचं?’

‘काही नाई करायचं. ते शिकाले मले पासष्ट वर्सं लागली.’

त्या छाती काढून दुकानातून बाहेर पडल्या. परतीच्या गाडीत पिंजरा खिडकीशी ठेवून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पिल्लू दाखवलं.

डिसेंबरच्या थंडीत ते पिल्लू मेलं. वच्छलाबाईंना पिंजऱ्याकडे पाहवेना, म्हणून नर-मादीची जोडी केवळरामांनी भुपेंद्रला परत नेऊन दिली.