हलका डबा

एप्रिल सरला की आमच्या घरी आगोटीची खरेदी होते. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील नि सुकट आधीच भरून ठेवायची. यादी मी करते. यंदा बोंबील सगळ्यात वर होते. हिवाळ्यातल्या तापानंतर सासूबाईंची जेवणावरची वासनाच उडाली होती. भाजलेला बोंबील असला तर वाटीभर पेज पोटात जायची. नसला की दोन घोट घेऊन वाटी बाजूला.

बोरिवलीच्या बाजारात आमची ठरलेली कोळीण आहे. भाव पाडल्याशिवाय मी तिच्यासमोरून कधी उठले नाही. तीही ऐकवायची, "गल्यात सोनं नि कोलनीशी घासाघीस करतेस, बाय?" मग ठरल्या भावावर एक मूठ फुकट टाकायची. दरवर्षी हे असंच.

यंदा तिने भाव सांगितला तो गेल्या वर्षीच्या दुप्पट. मी सवयीने निम्म्याने मागितले. ती भांडली नाही. टोपलीवरचं फडकं सारखं करून पलीकडे बघत बसली. तिथेच मला बरं वाटेना.

माझ्या शेजारच्या बाईने बोंबील हुंगले आणि परत ठेवले. दुसरीने हळूच तुकड्यांचा चुरा मागितला, मग आजूबाजूला बघितलं. आमच्या बिल्डिंगमधली मैत्रीण सोबत होती. ती म्हणाली, "चल ना यार, पुढच्या आठवड्यात उतरेल."

"पुढच्या आठवड्यात मी नाय," कोळीण म्हणाली. "जाल्यात मासाच नाय. बोंबील सुकवायच्या दोऱ्या मोकल्या लटकल्यात दारात."

मैत्रिणीने पर्स उघडली. मीही घेतले, सांगितल्या भावाने, नेहमीच्या निम्मे. वरची मूठ पडली नाही. मी मागितलीही नाही.

घरी येऊन बोंबलांना ऊन दाखवलं, डोकी काढली, डब्यात भरले. पत्र्याचा तोच जुना डबा. सासूबाईंनी विचारलं, "गेल्या वर्षासारखेच घेतलंस मां?"

"हो."

त्यांनी डबा दोन्ही हातांत उचलला, जरा वेळ धरला आणि खाली ठेवला.

त्या संध्याकाळी मी एक बोंबील भाजून पेजेसोबत दिला. त्यांनी तो मधोमध मोडला. अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून माझ्यासमोर डब्यात टाकला.

"खावा ना सगळा. आणू परत," मी म्हटलं.

"खयसून? पावस अजून येवचो आसा."

दुसऱ्या दिवशीही तेच. यादीत मी सुकट वाढवली, अंडी लिहिली, डॉक्टरांना फोन लिहिला. डब्यात कागदाच्या पुड्या साठत चालल्या आहेत. बोंबील अर्धा, आणि पेजही आता अर्ध्या वाटीवर थांबते.