देवापुढे न ठेवलेला प्रश्न

गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी पेशी जरा बदललेल्या दिसतायत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच, "घाबरू नका, हा कॅन्सर नाही." माझ्या मांडीवर मासळीबाजाराची रिकामी पिशवी होती. परत जाताना बांगडे घ्यायचे होते. ऑफिसातल्या सगळ्या बायका तपासणीला गेल्या म्हणून मीही गेले होते. रिपोर्टात काही निघेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"एक विषाणू असतो," त्या सांगू लागल्या. "संबंधांतून येतो. बहुतेकींच्या अंगातून आपला आपण निघून जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कधी आला, कोणाकडून आला, ते कुणालाच सांगता येत नाही. आणखी काही विचारायचंय?"

मी बोलायला कमी नाही. भाजीवालीपासून साहेबापर्यंत कोणाला सोडत नाही. पण तिथे मी "नाही" म्हटलं आणि उठले. बांगडे आणायचे विसरले.

आमचे हे जहाजावर इंजिनात काम करतात. लग्न झाल्यापासून वर्षातले बरेच महिने ते पाण्यावर आणि मी रत्नागिरीत. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात मी एकटीच. तेव्हा कसं राहवतं, असं बायका चेष्टेनं विचारायच्या, आणि मीही म्हणायचे, बरं आहे की, रोज उठून तोंड बघायला नको.

रिपोर्ट आला त्या दिवसापासून घरात एक बाई राहायला आली. खरी नव्हे, मीच मनात केलेली. कधी ती गोरी असायची, कधी सावळी, बंदर बदलेल तशी बदलायची. मी मासे साफ करायला बसले की पाठीशी उभी राहायची. ह्यांचे शर्ट ऊन दाखवायला बाहेर काढले की माझ्याआधी तिचा हात लागायचा. ह्यांनी पाठवलेले जुने फोटो मी मोबाइलवर मोठे करकरून बघितले. एका फोटोत ह्यांच्या खांद्यामागे लाल छत्रीवाली एक बाई होती. बिचारी आपल्या वाटेनं चालली होती, पण मी आठवडाभर तिला सोडली नाही. व्हिडिओ कॉलवर हे विचारायचे, "जेवलीस?" मी म्हणायचे, "जेवले." एवढ्या एका शब्दात मला खोटं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

लांज्याला माझी मोठी बहीण असते. तिला फोनवर इतकंच सांगितलं, की रिपोर्ट बरा नाही.

"काय सांगितलंन गो डॉक्टरीणबाईनं? पिशवी काढून टाक एकदाची," ती म्हणाली. आमच्याकडे चाळिशी उलटलेल्या बाईला हा सल्ला चहासारखा मिळतो. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "बाहेरचं काय नाय ना गो?"

मला वाटलं, ती ह्यांच्याबद्दलच विचारतेय. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तिन्हीसांजेची पिंपळाखालनं येतेस ती. काय लागलं तर कळतंय काय?"

तिच्या लेखी बाहेरचं म्हणजे भूतबाधा. मी हसत सुटले. हसता हसता रडायला लागले. झालं, तिची खात्रीच पटली.

पुढच्या रविवारी तिनं मला गावच्या देवळात कौल लावायला नेलं. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो; उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण प्रश्न मोठ्यानं सांगावा लागतो.

"बोला ताई, काय इचारू देवाला?"

बहीण शेजारी होती. मागे आणखी दोघं थांबली होती. "तब्येत सुधारेल का, विचारा," मी म्हटलं. मनात मात्र दुसराच प्रश्न होता. ह्यांनी मला फसवलं का?

बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली.

"बघ, झालं काम!" बहिणीनं हात जोडले. देवानं कोणत्या प्रश्नाला हो म्हटलं होतं?

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली. बारीकसा तुकडा काढून पाठवला. बदल किरकोळ निघाले. औषध नाही, काही नाही, वर्षानं परत दाखवा म्हणाले. बहीण नारळ देऊन मोकळी झाली. मला आनंद झाला, नाही असं नाही, पण तो घरापर्यंत टिकला नाही.

मग हे सुटीवर आले. एका दुपारी जेवणं झाल्यावर पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. विषाणू कसा येतो, तेही सांगितलं, आणि थांबले. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. नाही म्हणाले तर काय बोलायचं, चिडले तर काय बोलायचं, सगळं पाठ होतं.

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्याकडनं आला असेल," म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नको गो." आणि उठून झाडांना पाणी सोडायला गेले.

असेल! आला, म्हणाले असते तर मी रडले असते, ओरडले असते. नाही, म्हणाले असते तर भांडले असते. ह्या 'असेल'चं काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. ती कबुली होती, की बायकोला बोल लागू नये म्हणून अंगावर घेतलेलं? सुटीभर मी त्याच शब्दाभोवती फिरले. स्वयंपाक केला, पाहुणे केले, हसलेसुद्धा.

सुटी संपल्यावर ह्यांना बसवर सोडायला हायवेवर हातखंब्याच्या फाट्याला गेले. बस यायची होती. शेजारी बॅग धरून उभ्या राहिलेल्या ह्यांच्याकडे बघताना एकदम लक्षात आलं, की ह्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. महिनोन्महिने एकटी राहणारी बायको. जो प्रश्न मला पडला तो ह्यांना पडला नसेल? माझं उत्तर ऐकायला लागू नये, म्हणून तर आधीच स्वतःवर घेतलं नसेल?

माझ्या आयुष्यात दुसरं कोणी आलेलं नाही. हे तिथेच, सगळ्यांसमोर सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

"काय गो?" ह्यांनी विचारलं.

"पोचलात की फोन करा," मी म्हटलं.

न विचारता सांगितलं असतं, तर ते ह्यांना खरं वाटलं असतं का?